शब्द कळता कामा नयेत

मला एका जागी बसवत नाही. शाळेत गुरुजी म्हणायचे, "ह्याच्या बुडाखाली विंचू हाय का बघा रे कुणीतरी." आता चाळिशी आली, पोट सुटलं, तरी विंचू काही निघाला नाही. केजला माझं साऊंडचं दुकान आहे. लग्न, सप्ता, सभा, वाढदिवस, जिथं माणसाला वाटतं की आपला आवाज दुसऱ्याच्या घरात घुसला पाहिजे, तिथं मी स्पीकर लावून देतो. हा धंदा मला मानवला, कारण ह्यात बसावं लागत नाही. वायर ओढा, खांब उभे करा, पळा. बसायचो ते फक्त गिटार मांडीवर घेतल्यावर.

आमचा एक बँड होता. चौघांचा. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जमला, तीन वर्षं चालला, मोडला आणि पंधरा वर्षांनी परत जमून आम्ही नवीन अल्बम काढला. ही त्या अल्बमची गोष्ट. नावं कुणाचीच सांगणार नाही. एका माणसाचं नाव घ्यायचं का नाही, ह्यावरूनच तर सगळं रामायण झालं.

आम्ही वाजवायचो त्याला शूगेझ म्हणतात, म्हणजे बुटांकडं टक लावून बघणं. गिटारचा आवाज लांबवायला, चिरडायला, घुमवायला जी पेडलं असतात ती पायाशी ठेवलेली असतात, म्हणून वाजवणारा सारखा खाली बघतो. आमच्यापैकी दोघांकडं तर तेव्हा बूटही नव्हते, चपला होत्या. ह्या संगीतात गिटारचा एवढा गदारोळ करायचा की भिंत उभी राहिली पाहिजे, आणि गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीच्या पलीकडं ठेवायचा. पिठाच्या गिरणीत कुणीतरी कोपऱ्यात अंगाई म्हणतंय, तसा. चाल कळते, दुःख कळतं, शब्द कळत नाहीत. लोक विचारायचे, "अरे पण काय म्हणतेय ती?" आम्ही म्हणायचो, "तेच तर!"

आमची गाणारी नांदूरघाटच्या बाजूची. घरी बागायत शेती, वडील तालुक्यातले वजनदार पुढारी. घरात शब्द त्यांचाच, अण्णांचा. तिला एक थोरली बहीण. ती हुशार, बोलकी, गावात पहिली मुलगी जिनं शाळेच्या स्टेजवरून भाषण ठोकलं. तिनं जातीबाहेर लग्न केलं, पळून. दुसऱ्या दिवशी वडील जीप घेऊन शहरात आले आणि हॉस्टेलच्या दारातून धाकटीला, म्हणजे आमच्या गाणारीला, गाडीत घालून घेऊन गेले. त्याच आठवड्यात आमचा कार्यक्रम होता. पोस्टर लागलेलं. आम्ही तिघं गेटजवळ उभे होतो आणि जीप आमच्या समोरून गेली. तिनं मान वर केली नाही. बँड तिथंच मोडला.

घरी वडिलांनी एकच वाक्य सांगितलं होतं, "जो कुणी तिचं नाव घेईल, तोबी मला मेला." ते वाक्य त्या घरात पंधरा वर्षं टिकलं. थोरलीचे फोटो माळ्यावर गेले. आईनं तोंडातून नाव काढलं नाही. गाणारी पुढं शिक्षिका झाली, तिचं रीतसर लग्न झालं, ती बीडला राहायला गेली. थोरलीशी तिचं चोरून फोनवर बोलणं चालू होतं. महिन्यातून एकदा माहेरी जायची, आईजवळ एक दिवस बसायची, परत यायची. त्या एका दिवसासाठी ती जीभ आवरून जगत होती, असं तिचंच म्हणणं.

परत जमलो ते एका परक्या माणसामुळं. आमची जुनी गाणी कुणीतरी नेटवर चढवून ठेवली होती आणि पार समुद्रापलीकडच्या कुणीतरी खाली लिहिलं होतं की हे लोक कोण आहेत, जिवंत आहेत का? ड्रमवाल्यानं ते मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "बे, हाय का जित्ता?" दोन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. बायको म्हणाली, "दात दुखतोय का?" तिसऱ्या दिवशी मी बीडला जाऊन गाणारीच्या शाळेबाहेर उभा राहिलो.

ती बाहेर आली, वह्यांचा गठ्ठा छातीशी. मला बघून थांबली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "गाईन. मराठीत गाईन, माझं मी लिहीन. पण एक ऐक. माझे शब्द कुणाला कळता कामा नयेत. कळले तर माझं माहेर गेलं. आईचं तोंड दिसायचं न्हाई मला परत. समजलं का?"

"आपल्या गाण्यात शब्द कधी कुणाला कळलेत का?" मी म्हणालो.

"हसू नको. शपथ घे."

घेतली शपथ. आवाजाची जोडणी माझ्याकडंच असायची पहिल्यापासून. कुणाचं वाद्य किती वर, किती खाली, ते मी ठरवायचो. तिचा आवाज बुडवायचं काम माझं होतं आणि माझ्याइतकं चांगलं ते कुणीच करू शकत नाही, अशी माझी घमेंड. खोटं कशाला बोलू?

रेकॉर्डिंग आम्ही तलवाड्याजवळ ड्रमवाल्याच्या शेतात केलं. त्याच्या घराची एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव येईपर्यंत विकायचा नाही म्हणून बसला होता तो, हट्टानं. मी दार उघडून एक टाळी वाजवली आणि वेडाच झालो. टाळी जिथल्या तिथं मेली. शहरातले स्टुडिओवाले भिंतींना काय काय चिकटवतात ह्यासाठी, आणि इथं फुकट. मधोमध कापूस उकरून आम्ही विहिरीसारखा खड्डा केला, त्यात ड्रम बसवले. अंगाला अशी खाज सुटायची की विचारू नका. बेसवाला पुण्यात कंपनीत, तो एक शनिवार-रविवार आला, पहिल्या तासात शिंकून शिंकून लाल झाला आणि म्हणाला, "मी माझं घरूनच वाजवून पाठवतो, तुमच्या पाया पडतो." ड्रमवाला म्हणाला, "जा बे, पुण्याला गेलास आणि बिघडलास."

लाईट यायची तिच्या मर्जीनं. आली की सगळे पळत खोलीत, गेली की बाहेर बाजेवर. गाणारी रविवारी यायची, नवऱ्याला सांगून. तो बिचारा साधा माणूस, म्हणाला होता, "गा की, कावून न्हाई?" ती कापसात तोंड करून गायची, आमच्याकडं पाठ. पुटपुटल्यासारखं. मी हेडफोन लावून बसलेला, आणि मला तिची चाल यायची, श्वास यायचा, शब्द मात्र एक यायचा आणि तीन उडायचे. मला वाटायचं, बाई किती शहाणी आहे, मुळातच बुडवून गातेय.

इथं मला ते सांगितलं पाहिजे जे तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझ्या कानात शिट्टी वाजते. बारीक, अखंड, उजव्या कानात जास्त. पंधरा वर्षं डीजेच्या ट्रॉलीवर, मिरवणुकीत, भल्यामोठ्या स्पीकरच्या बगलेत उभं राहून काढली, दुसरं काय होणार? रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी मी बीडला कानाच्या डॉक्टरकडं गेलतो. त्यांनी मला काचेच्या खोक्यात बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. आता मला तर सारखीच शिट्टी ऐकू येते! मी आपला बटण दाबतोय, दाबतोय. डॉक्टर वैतागून आत आले. "अहो, अजून मी सुरूच नाही केलं."

शेवटी त्यांनी कागद दाखवला. रेघ डावीकडून बरी चालत यायची आणि उजवीकडं एकदम विहिरीत पडल्यासारखी खाली. डॉक्टर म्हणाले, वरचे बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, उजवा जास्त. माणूस बोलताना स, श, च, त, ही जी अक्षरं असतात, ती तुम्हाला आता उडत उडत येतील. डीजे बंद करा. मी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि पार्किंगमध्ये फाडून टाकली. डॉक्टरला काय कळतंय, म्हटलं. माझा कान म्हणजे माझं पोट आणि माझी अब्रू. साऊंडवाला बहिरा झाला, हे केजमध्ये एकाला कळलं की उद्या पाच जणांना कळणार.

जोडणीला मी दुकानाच्या मागच्या गोदामात बसलो. तीन आठवडे. आणि तिथं मी जे केलं ते फक्त बहिरा होत चाललेला साऊंडवालाच करू शकतो. मला वाटलं, आवाज जरा जास्तच बुडालाय, चालसुद्धा कळेना. म्हणून तो थोडा वर केला. मग वाटलं, अजून धूसर आहे, धार नाही. म्हणून वरच्या पट्टीची धार वाढवली. उद्या परत ऐकलं, परत धूसर. परत वाढवली. ज्या दिवशी मला समाधान झालं, भिंतीपलीकडून कुणीतरी गातंय असं वाटलं, त्या दिवशी ती बिचारी भिंत फोडून अंगणात येऊन उभी होती. मला काय माहीत!

बेसवाल्याला कळलं होतं. त्याला पाठवलं तर त्याचा फोन आला. "अरे, आवाज जरा पुढं नाही का आला? शब्द कळतायत मला."

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "तुझे हेडफोन बदल आधी. कापसात दोन तास बसवलं न्हाई तुला आणि मला अक्कल शिकवतोस? जोडणी कोण करतं?"

"तू."

"मग?"

त्यानं फोन ठेवला. माझ्या तोंडाला लागायला कुणाला आवडतं? ड्रमवाल्यानं ट्रॅक्टर चालवताना ऐकलं आणि म्हणाला, "लई भारी झालंय बे." इंजिनाच्या आवाजात त्याला काय दगड कळणार? आणि गाणारी स्वतःचा आवाज कधीच ऐकत नसे, कॉलेजपासून. तिनं एवढंच विचारलं, "बुडालाय ना?" मी म्हणालो, "तळाला गेलाय."

अल्बम आम्ही सकाळी दहाला नेटवर टाकला. आठ गाणी. मुखपृष्ठावर कापसाच्या ढिगाचा फोटो. मी दर दोन मिनिटांनी पान उघडून बघत होतो. अकरा जणांनी ऐकलं. सतरा. तो समुद्रापलीकडचा माणूस लगेच हजर, त्यानं लिहिलं की आम्ही जिवंत असल्याचा त्याला फार आनंद झाला. मला खरंच भरून आलं. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज मोठे करत हिंडलो होतो, आणि आज आपलं काहीतरी जगात गेलं होतं. उभं राहवेना, बसवेना. आणि त्याच दिवशी दुपारी मला नांदूरघाटच्या बाजूला काम होतं. गाणारीच्याच गावात, तिच्याच वडिलांच्या कार्यक्रमाचं.

तिच्या वडिलांना मी तो कॉलेजचा पोरगा म्हणून माहीत नव्हतो. तेव्हा माझे केस खांद्यापर्यंत होते आणि त्यांनी आमच्याकडं बघितलंही नव्हतं. आता मी नुसता केजचा साऊंडवाला. गावात देवळाच्या सभामंडपाचं लोकार्पण होतं, संध्याकाळी पाहुणे येणार, भाषणं होणार. देवळासमोर मोकळं पटांगण आणि पटांगणाला लागून गाणारीचा वाडा, म्हणजे नवीन बांधलेला दोन मजली बंगलाच, पण गाव त्याला वाडाच म्हणतं. मी दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर उभे केले. गावातलाच मंडपवाला शिडीवर झालरी बांधत होता. सात-आठ बायका ओट्यावर हळदीकुंकवाची ताटं लावत होत्या.

प्रत्येक साऊंडवाल्याचं तपासणीचं एक ठरलेलं गाणं असतं. मशीन सुरू केली की तेच लावायचं, त्यावरून कळतं कुठला स्पीकर भरकटतोय. माझंही आहे. पण त्या दिवशी माझा हात दुसरीकडंच गेला. वाटलं, एवढे मोठे स्पीकर आहेत, अल्बम आज निघालाय, आपलं गाणं ह्यांच्यावर कसं वाजतं ते कधी ऐकणार? आणि खरं सांगू? मला त्यात एक खोडकर मजाही वाटली. तिचा आवाज तिच्याच गावात, तिच्याच बापाच्या खर्चानं घुमणार आणि कुणाला पत्ता लागणार नाही. एवढा गदारोळ, कोण शब्द ऐकतंय! अशी बुद्धी देव शत्रूलाही न देवो.

तिसरं गाणं लावलं. ते मला सगळ्यात आवडायचं. गिटार सुरू झाली, पटांगणातली कबुतरं उडाली. मी डोळे मिटले. मग तिचा आवाज आला, मला तो लांबून, धुक्यातून आल्यासारखा, हवा तसा.

डोळे उघडले तर मंडपवाला शिडीवर थांबलेला, हातात झालर तशीच. ओट्यावरच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. एकीनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आवाज फार झाला. मी थोडा कमी केला. तरी कुणी हलेना. मंडपवाला खाली उतरून माझ्याजवळ आला आणि माझ्या डाव्या कानाशी म्हणाला, "भाऊ, ही तर धाकटी गायलीय. पुढाऱ्याची. थोरलीबद्दल म्हणायलीय की."

"काय म्हणतीय?" मी विचारलं.

तो माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी चेष्टा करतोय. "तुमीच लावलंय आणि मला इचारता? ऐका की!"

मला ऐकू येत नव्हतं. तिनं लिहिलेल्या, मी जोडलेल्या, तीन आठवडे रोज ऐकलेल्या गाण्याचे शब्द मला त्या मंडपवाल्यानं सांगितले. एकेक ओळ, तिच्या मागोमाग.

अक्का, तुझं ताट आई रोज घासती.
वाढत न्हाई कुणाला, पालथं घालती.
नाव कोरलंय त्याच्यावर, बोट फिरवती.
अण्णा आले की पदराखाली झाकती.

शाळेतल्या भाषणाचं बक्षीस म्हणून थोरलीला स्टीलचं ताट मिळालं होतं, नाव कोरलेलं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पंधरा वर्षं आईनं नाव काढलं नव्हतं, पण ताट घासत होती, बोटानं वाचत होती. नवऱ्यापासून लपवलेली एकच गोष्ट तिच्याजवळ होती, आणि ती मी माणसापेक्षा उंच स्पीकरांवरून सगळ्या गावाला ऐकवली.

वडील देवळाच्या पायऱ्यांवर होते. सोबत चार कार्यकर्ते. ते बोलता बोलता थांबले होते. आणि वाड्याच्या दारात आई येऊन उभी होती, हाताला पीठ.

मी मशीनवर धडपडलो, पण मला बटणच सापडेना. वडील तिथूनच ओरडले, "बंद कर ते!" ते मला ऐकू आलं, ते कुणालाही ऐकू आलं असतं. मी बटणावर बोट ठेवलं तेवढ्यात आईनं पिठाचा हात वर केला. काहीतरी म्हणाली. मंडपवाल्यानं मला सांगितलं, "म्हणतीय, सरू द्या. लेकीचं गाणं हाय, सरू द्या."

मी हात काढला. गाणं अजून दोन मिनिटं होतं. शेवटी नुसत्या गिटारी आहेत, शब्द नाहीत, माझाच गदारोळ. तो सगळा सरेपर्यंत पटांगणात कुणी जागचं हललं नाही. मग वडील बायकोकडं न बघता गाडीत बसले आणि निघून गेले. संध्याकाळचा कार्यक्रम झाला म्हणे, माझ्या जागी दुसरा साऊंडवाला आणून. मी वायरी गुंडाळल्या आणि पळालो. पळालो हाच शब्द खरा.

रस्त्यात गाडी बाजूला लावून मी गाणारीला फोन केला. तिला आधीच कळलं होतं. दहा वाक्यं ती बोलली असेल, त्यातलं एक अजून टोचतं. "पंधरा वर्षं मी गप्प बसले रे, आईसाठी. तुला एक काम दिलं होतं."

आणि मी? मी खोटं बोललो. म्हणालो, "स्पीकर लई मोठे होते गं. घरच्या स्पीकरवर कळत न्हाई. कसं झालं काय माहीत." तेव्हा तरी कानाचं सांगायचं होतं. सांगितलं नाही. अब्रू आडवी आली.

"काढून टाक सगळं," ती म्हणाली. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, अल्बम काढून टाकला. पाच तास जगला. त्या परक्या माणसानं लगेच विचारलं, काय झालं? मी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी वडिलांचा निरोप आला की धाकटीनंही आता ह्या घरी यायचं नाही. तिचं माहेर गेलं. ड्रमवाल्यानं मला फोनवर आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि मी ऐकून घेतल्या.

पाच दिवस मी दुकान उघडलं नाही. घरात फिरत होतो, गच्चीवर जात होतो, खाली येत होतो. सहाव्या दिवशी सकाळी गाणारीचा फोन. "ये. लॅपटॉप घेऊन ये. आणि छोटे स्पीकर. आई आलीय."

"कशी आली?"

"एष्टीनं. एकटी. अण्णांना न सांगता."

मी बीडला पोचलो तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसलेली होती, पायात चपला तशाच, पिशवी मांडीवर. गाणारीचा नवरा कामावर गेलेला. मी पाया पडलो. म्हणालो, "काकू, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "ते मागनं बघू. आधी ते गाणं लाव."

लावलं. गिटारी सुरू झाल्या तशा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यो बाकीचा कालवा काढता येतो का? तिचं तिचं तेवढं ऐकू दे."

येतो की. चार बटणं दाबली. माझी गिटार गेली, ड्रम गेले, बेस गेला. राहिला नुसता तिचा आवाज, कापसात तोंड करून गायलेला. गाणारी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकत. आईनं डोळे मिटले. गाणं संपलं. मग आईचे ओठ हलले. काहीतरी छोटंसं. गाणारी गर्रकन वळली आणि तिनं तोंडावर हात ठेवला, डोळ्यांतून पाणी.

मी दोघींकडं बघत बसलो. शेवटी विचारलं, "काय म्हणाल्या?"

गाणारी म्हणाली, "अक्काचं नाव घेतलं." मग माझ्याकडं नीट बघितलं. "तू इथं हातभर अंतरावर बसलायस. तुला ऐकू आलं न्हाई?"

आता काय लपवायचं? "न्हाई," म्हणालो. "मला बारीक आवाज येत न्हाईत. वर्ष झालं. गाण्यातले शब्दबी मला आले नव्हते. मला वाटलं, बुडलेत."

ती एकदम भडकली. "मेल्या, मग आधी कावून न्हाई सांगितलंस? मी दुसऱ्याला दिलं असतं ना काम! लाजेपायी? तुझ्या लाजेपायी माझं माहेर गेलं!" खरं होतं. मी मान खाली घातली. ज्या बँडमध्ये कायम मान खाली घालून वाजवलं, त्यात आज पहिल्यांदा खरीखुरी घातली.

आई मधेच म्हणाल्या, आणि हे मला ऐकू आलं कारण त्या मोठ्यानं म्हणाल्या, "भांडू नका गं. लाव फोन तिला."

गाणारीनं फोन लावून आईच्या हातात दिला. आई बोलायला लागल्या. हळू, फोनला हाताचा आडोसा करून, पंधरा वर्षांची सवय. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते आणि माझ्या कानात शिट्टीशिवाय काही नव्हतं. मी उठून पंखा बंद केला. तरी नाही. परत येऊन बसलो, मांडी हलवत, बोटं मोडत. एवढ्यासाठी एवढं सगळं झालं आणि मला ते कळत नव्हतं. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

गाणारी उठली. माझ्यावरचा राग गेलेला नव्हता तिच्या चेहऱ्यावरून, अजिबात नव्हता. तशीच आली आणि माझ्या डाव्या बाजूला, बऱ्या कानाजवळ, जमिनीवर बसली.

"आई विचारतीय," ती म्हणाली, "जेवलीस का म्हणून."